शेवटलं आमेन कोणतं?

आम्ही भावंडं तीन, आणि आमची चर्चंही तीन.

असं कुणी ठरवून केलेलं नाही. वडील सौंसरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांनी आम्हा तिघांना एकाच चर्चात, एकाच बाकावर, मायच्या एकाच चिमट्याच्या धाकात वाढवलं. पुढे मार्थाताईचं लग्न पांढुर्ण्याला झालं आणि तिथे तिला फेलोशिप सापडली. (आमच्याकडे त्या लोकांना ‘हालेलुयावाले’ म्हणतात. तोंडावर नाही.) धाकटा योसेफ रामाकोन्याच्या शाळेत मास्तर झाला, त्याला बायको कॅथलिक मिळाली, आणि सासऱ्यानं लग्नाआधीच त्याला कॅथलिक करून घेतलं. मी जिथे होतो तिथेच राहिलो, मिशनच्या जुन्या चर्चात. त्यात श्रद्धा किती आणि आळस किती, हे तपासायला मला कधी सवड झाली नाही.

नाताळाला सगळे माझ्या घरी जमतात. जेवणाआधीची प्रार्थना कोणी करायची यावरून भांडण नको, म्हणून तिघंही करतात. योसेफ कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून झटकन उरकतो. मी पुस्तकातली म्हणतो. मग ताई सुरू करते. ताईच्या प्रार्थनेत आधी आमचे आजार येतात, मग सगळ्या नात्यागोत्याचे आजार, मग भारत देश. ती मध्य प्रदेशापर्यंत येते तेव्हा कोंबडीच्या रस्स्यावर तर्री थिजलेली असते आणि योसेफ एक डोळा उघडून माझ्याकडे बघत असतो.

तर, असं हे आमचं घर. त्यात मायनं एक दिवस बॉम्ब टाकला.

माय माझ्याकडेच राहते. तिला ऐकू येणं कमी झालं म्हणून मी तिला नागपूरला घेऊन गेलो. डॉक्टरनं तपासून सांगितलं की डावा कान गेलेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे; मशीन देतो, जेवढे दिवस चालेल तेवढे दिवस चालवा. परतीच्या बसमध्ये माय खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, मशीन टोचत असेल. घरी आल्यावर ती तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली,

“समू, हा कान जायच्या आंधी मले एक गोष्ट आयकाची हाय.”

“काय गोष्ट?”

“तुमा तिघायच्या तोंडून संगमंग प्रभूची प्रार्थना.”

लहानपणी दिवे लागले की ती आम्हाला अंगणात बसवून ही येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणून घ्यायची. तिघांचा सूर एक झाल्याशिवाय ताटं वाढायची नाही. ती शाळेत गेलेली नव्हती, सगळं ऐकून पाठ केलेलं. त्यात एक शब्द तिनं पदरचा घातला होता, आणि त्या शब्दापायी मी रविवारच्या शाळेत छडी खाल्लेली आहे. पण सूर मात्र आमचा एक असायचा.

“त्यात काय,” मी म्हणालो, “येत्या नाताळात म्हणू.”

“नाताळात मार्था वर हात करून म्हणते, तो योसेफ हिंदीत पुटपुटते आन तू घड्याळाकडं पाहून राहतं. त्याच्यात मले काय डोंबलं आयकू येइन?”

मी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, “मायसाठी त कवाबी. फक्त आमच्या फेलोशिपच्या ब्रदरले विचारून सांगतो.” योसेफला लावला. तो म्हणाला, “दादा, मी तयार हाव, पण फादरच्या कानावर घालू दे.” म्हणजे नातवंडं झालेली ही दोन माणसं, आणि सख्ख्या भावाशेजारी बसून देवाचं नाव घ्यायला यांना परवानगी लागणार! माझं डोकं फिरलं. त्या रागात मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून बसलो. हीच माझी चूक. पाळकसाहेब नुकतेच कुठल्याशा सभेहून आले होते आणि त्या सभेत तीन दिवस त्यांना फक्त ऐक्य खाऊ घातलेलं होतं.

“वा, सॅम्युएलजी,” ते उठून उभे राहिले. “आपण तिन्ही मंडळ्यांची एकत्र प्रार्थना घेऊ. जानेवारीत. तुमच्याच अंगणात. आणि सेक्रेटरी तुम्ही.”

मायला हवी होती तीन माणसं. पाळकसाहेबांनी तिला तीन चर्चं देऊ केली.

पहिली बैठक माझ्या ओसरीवर झाली. फादर आले आणि म्हणाले, “जय येसू.” ब्रदर आले आणि म्हणाले, “प्रेज द लॉर्ड.” पाळकसाहेब आमच्या जुन्या मिशनच्या रीतीनं “सलाम” म्हणाले. मग तिघंही आपापल्या नमस्काराला आपल्याच शब्दात उत्तर येईल म्हणून वाट पाहत उभे राहिले. कुणी बसेना. शेवटी मायनं आतून विचारलं, “चहा पिता का जी?” तेव्हा तिघं एकदम “हो” म्हणाले आणि बसले. त्या दिवसातलं हे पहिलं आणि शेवटचं एकमत.

पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून माझं पित्त खवळतं. प्रार्थना उभं राहून करायची की गुडघे टेकून? फादर केरळचे, त्यांना हिंदीच सोयीची. आमच्याकडे सगळं मराठी. आणि ब्रदर एक वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. मेणबत्त्या लावायच्या म्हटलं तर ब्रदरना अडचण. डफली आणायची म्हटलं तर पाळकसाहेबांना अडचण. प्रभूच्या प्रार्थनेचे शब्द तर तिघांचे तीन. कुणाचं ‘बापा’, कुणाचं ‘पित्या’, कुणाचं ‘हे हमारे पिता’. कुणी दोन ओळी आधी थांबतं, कुणी दोन ओळी पुढे जातं.

“मग एक करा ना,” मी म्हणालो.

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचा सातबारा बदलायला सांगितला आहे. शेवटी ठरलं, की ज्यानं त्यानं आपापलीच म्हणावी, फक्त एका वेळी म्हणावी. याला ऐक्य म्हणतात असं पाळकसाहेबांनी मला समजावलं. मी दाराकडे पाहिलं. माय चौकटीला टेकून उभी होती, उजवा कान आमच्याकडे करून. तिनं किती ऐकलं माहीत नाही.

मग निघाली मिरवणूक. म्हणजे प्रस्ताव निघाला. आपण एक आहोत हे गावाला दिसायला हवं, म्हणून प्रार्थनेनंतर माझ्या अंगणातून निघायचं आणि चर्चच्या हॉलपर्यंत चालत जाऊन तिथे जेवायचं. पण मिरवणुकीत गाणी कुणाची? इथे पुन्हा तासभर गेला. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, “बँड लावू.”

तिघांनीही मनातल्या मनात आपापलं धर्मशास्त्र चाळून पाहिलं. बँडबद्दल कुठल्याच चर्चची काही शिकवण नव्हती. बँड मंजूर झाला.

पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मोहगावचे गुलाबभाऊ बँडवाले मोकळे सापडले. भला माणूस. सुपारी ठरली आणि त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

“भाऊ, सुरू कवा कराचं? लगनात कसं, ‘सावधान’ आयकू आलं का आमी तुटून पडतो. तुमच्यात सावधान कोणतं?”

मी थोडा विचार केला. खरं तर आणखी थोडा करायला हवा होता.

“आमेन,” मी म्हणालो. “लाउडस्पीकरवर आमेन आयकू आलं का वाजवा.”

“आमेन. बस्स?”

“बस्स. एकच प्रार्थना हाय, एकच आमेन.”

वाचकहो, माझी बाजू समजून घ्या. मी जन्मभर ज्या चर्चात बसलो तिथे आमेन म्हणजे झालं. उठा, छत्र्या शोधा, दारात उभं राहून एकमेकांच्या तब्येती विचारा. जगात आमेन दुसऱ्याही कुठल्या जागी येऊ शकतं, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. अंगणात सतरंज्या, मागच्या संत्र्याच्या झाडांना बांधलेले दोन भोंगे, समोर माईक. ताई पांढुर्ण्याहून फेलोशिपची अख्खी मंडळी घेऊन आली आणि पुढची जागा धरून बसली. रामाकोन्याहून योसेफ आणि कॅथलिक मंडळी उजवीकडे बसली. आमची मंडळी, मिशनच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, पुढे रिकामी जागा असूनही अगदी मागे फाटकापाशी बसली. बँड कुंपणाच्या भिंतीपलीकडे गल्लीत. माय नवं पातळ नेसून सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर.

“मशीन लावली का?” मी तिच्या कानाशी ओरडलो.

“लावली ना बापा. हळू बोल.”

फादर स्वागताला उठले. माईकपाशी आले, शांतपणे डोळे मिटले, हात कपाळाला नेला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाले, “पिता, और पुत्र, और पवित्र आत्मा के नाम पर, आमेन.”

भिंतीपलीकडे ढोल कडाडला.

ढोलामागून ताशा, ताशामागून तुतारीवाले, आणि वरातीत घोडं दारात आलं की वाजवतात ती चाल. फादरचा हात खांद्यावरच राहिला. कॅथलिकांचं आमेन सुरुवातीलाच असतं हे मला कोणी सांगायला नको होतं का? योसेफनं सांगायला नको होतं? तो एवढी वर्षं कॅथलिक होऊन काय करत होता?

इकडे फाटकापाशी बसलेल्या आमच्या मंडळीनं आमेन ऐकलं, बँड ऐकला, आणि कार्यक्रम किती छान आटोपशीर झाला असं म्हणत ती सरळ जेवायला निघाली. पाळकसाहेब त्यांच्यामागे धावले. त्यांनी बहुतेकांना अर्ध्या वाटेतून वळवून आणलं. काही लोक परतले तेव्हा त्यांच्या हातात पुऱ्या होत्या.

मी गल्लीत पोचलो. गुलाबभाऊ घामाघूम होऊन, हसत, माझ्याकडून शाबासकीची वाट पाहत होते.

“बंद करा. हे ते आमेन नव्हतं.”

“मंग कोणतं?”

“जे शेवटी येते ते.”

“भाऊ,” गुलाबभाऊ काकुळतीला आले, “शेवटलं हाय हे मले कसं समजन? त्याच्या मांगून दुसरं नाई आलं तवाच समजन ना?”

हा प्रश्न पाळकसाहेबांनाही सुटला नसता. मी म्हणालो, “हे पाहा. शेवटी फादर, पाळक आन ब्रदर, तिघं संगच आमेन म्हणतीन. तीन आवाज एकदम आले का वाजवा.”

“तीन आवाज. ठीक हाय.”

मी परत आलो. पाळकसाहेबांनी दम खात शास्त्रपाठ वाचला. मग ब्रदर उठले. त्यांनी फक्त दोन वाक्यांत प्रार्थनेची ओळख करून द्यायची, असं ठरलं होतं. मी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. ब्रदरनी माईक स्टँडवरून काढून हातात घेतला. माईक हातात घेतलेल्या माणसाची दोन वाक्यं कधी दोन नसतात.

“प्रभू चांगला आहे,” ब्रदर म्हणाले.

“आमेन!” फेलोशिप गरजली. सगळ्यात मोठा आवाज माझ्या बहिणीचा.

“आज या अंगणात तो हाजिर आहे.”

“आमेन!”

आणि ढोल कडाडला.

मी पुन्हा गल्लीत. धावत. या वयात.

“तीन सांगतले होते ना मी!”

“तीन कायले, तीस आले भाऊ,” गुलाबभाऊ म्हणाले. “म्हटलं, जास्तीचे हायत त चांगलंच हाय.”

आता मी आमेनचा नादच सोडायचं ठरवलं. कॅथलिकांचं सुरुवातीला, आमचं शेवटी आणि ताईच्या लोकांचं मधे मधे. दोन हजार वर्षांत थोरामोठ्यांना जे जमलं नाही ते मी गल्लीत उभा राहून काय सोडवणार? मी खिशातून पांढरा रुमाल काढला.

“आमेन विसरा. तुमी भिंतीवरून डोकं काढून माह्याकडं पाहत राहा. मी हा रुमाल काढला का वाजवा. रुमाल नाई त बँड नाई.”

“हे पहिलंच सांगतलं असतं,” गुलाबभाऊ म्हणाले.

जानेवारीचा महिना होता. घामाचं नाव नव्हतं. चुकून रुमाल काढायचं काही कारणच नव्हतं, आणि त्या क्षणी मी स्वतःच्या अकलेवर जाम खूश होतो.

अंगणात येऊन पाहतो तर मायनं कानातली मशीन काढून मुठीत धरली होती. बँडचा आवाज मशीनमधून तिच्या डोक्यात घण घातल्यासारखा जात असणार. मी लांबून खुणा केल्या, कानाला हात लावून दाखवला. तिला वाटलं मी कान धरून माफी मागतो आहे. तिनं मान हलवून मोठ्या मनानं दिलीसुद्धा. मग मी ओरडलो, “माय, मशीन लाव!” आणि माझ्या शेजारी ब्रदरनी माईक धरलेला होता. सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांनाही कळलं की मायनं मशीन लावायची आहे.

तिनं लावली.

तिघं धर्मगुरू माईकपाशी उभे राहिले. पाळकसाहेबांनी हात वर केला आणि प्रभूची प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांची एका वेळी, ज्याची त्याची आपापली. काय सांगू तुम्हाला. बाजाराच्या दिवशी लिलावात संत्र्याचे भाव पुकारतात ना, तसं. ‘बापा’वर ‘पित्या’ पडत होता, ‘राज्या’त ‘राज’ घुसत होतं. कॅथलिक पुढे निघून गेले, आमचे मधेच रेंगाळले, ताईच्या लोकांनी एक ओळ आवडली म्हणून दोनदा घेतली. मी माझी म्हणत होतो, पण डोळे मायवर होते.

मायनं उजव्या कानामागे तळहात धरला होता. ती एकदा ताईकडे बघत होती, एकदा योसेफकडे, एकदा माझ्याकडे. आमचे ओठ हलताना तिला दिसत होते. त्या गोंगाटात तिला आमच्यापैकी एकाचाही आवाज सापडत नव्हता. हळूहळू तिनं हात खाली घेतला. तिचं तोंड इतकंसं झालं. मला आतून फार वाईट वाटलं. एवढा खटाटोप मी कुणासाठी केला होता? गावाला ऐक्य दाखवायला? गाव गेलं खड्ड्यात.

कुणाची प्रार्थना संपली, कुणाची संपायची होती, तेवढ्यात माय उठून उभी राहिली.

“थांबा जी,” ती तिघा धर्मगुरूंना म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, त्याला माईक लागत नाही. “तुमचं मांगून होऊ द्या. माह्ये तीन लेकरं पुढं या.”

आम्ही गेलो. ताईनं ब्रदरकडे पाहिलं नाही, योसेफनं फादरकडे पाहिलं नाही. मायनं बोटानं सतरंजी दाखवली. ताई, मग मी, मग योसेफ, लहानपणी बसायचो त्याच रांगेत आम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसलो. (ताईचे गुडघे दुखतात, तिनं पाय लांब केले.) माय खुर्चीवर बसली आणि पुढे वाकली.

“म्हणा,” ती म्हणाली, आणि तिनंच सुरू केली. “आमच्या सोर्गातल्या बापा…”

आम्ही म्हणू लागलो. ना फादरची, ना पाळकाची, ना ब्रदरची, मायची. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं आपोआप आलं. अंगण गप्प झालं. रोजच्या भाकरीच्या ओळीला आम्ही आलो आणि आम्ही तिघं एका दमात म्हणालो,

“आमची रोजची भाजी-भाकर आज आमाले दे.”

भाजी! तोच तो पदरचा शब्द. त्यावरूनच मला छडी बसली होती, “शास्त्रात भाजी नाही” म्हणून. ताईला फेलोशिपमध्ये याच शब्दावर थांबवलं होतं आणि योसेफला सासऱ्यानं, हे आम्हाला एकमेकांना त्या दिवशी जेवताना कळलं. लहानपणी मी मायला विचारलं होतं, सगळे नुसती भाकर मागतात, आपणच भाजी का? ती म्हणाली होती, “देवाले मांगाचं त कोरडी भाकर कायले मांगाची?” आम्ही तिघांनी आपापल्या चर्चात जाऊन तो शब्द गिळून टाकला होता. आणि आता मायसमोर बसल्याबरोबर तो तिघांच्या तोंडून एकदम बाहेर पडला.

ताई हसली. माय डोळे मिटून, मान हलवत ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वडील गेल्यापासून पाहिलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. नाकातूनही वाहायला लागलं. अशा वेळी माणूस काय करतो? खिशात हात घालतो.

मी रुमाल काढला.

गुलाबभाऊ माणूस समजदार. मी रडतो आहे हे त्यांनी भिंतीवरून पाहिलं आणि या वेळी वरातीची चाल लावली नाही. नवरीच्या पाठवणीची लावली.

प्रार्थनेची पुढची ओळ क्षमेची होती. ती राहिली. पाठवणीची चाल ऐकून आधी ताईला हुंदका फुटला, मग तिच्या मागच्या बायांना, मग कॅथलिक बायांना, मग आमच्या बायांना. तिन्ही चर्चांच्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत, बँडच्या मागे, हॉलकडे निघाल्या. गल्लीतले लोक दारात येऊन विचारत होते, कोणाची पोरगी चालली? पाळकसाहेब अजूनही या भागाला ऐक्याचं मोठं काम मानतात.

मी मायच्या खुर्चीपाशी बसून राहिलो. मला एकच भीती होती. मशीन पुन्हा तिच्या मुठीत होती.

“माय,” मी तिच्या कानाशी म्हणालो, “आयकू आलं का गं?”

“बँड लागला तवा काढली मी मशीन. भाजी-भाकरीवरी सारं आयकलं.”

“पुढचं राहिलं ना पण.”

“राहू दे. भाजी-भाकर मांगून झाली, आता अखीन काय पाह्यजे?” ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. मग माझ्या हातातल्या रुमालाकडे तिचं लक्ष गेलं. “पण समू, रडा येते त रड ना बापा. रुमाल कायले काढतं?”

जेवण झाल्यावर हॉलमध्ये तिघं धर्मगुरू एका कोपऱ्यात बसले. मला वाटलं, आता हे पुन्हा भांडणार. पण त्यांचं फार छान चाललं होतं. ब्रदरनी फादरच्या ताटात बुंदी वाढली. फादर पाळकसाहेबांना “सलाम” म्हणाले. मग पाळकसाहेबांनी मला बोलावलं आणि घसा साफ केला.

“सॅम्युएलजी, पुढच्या वर्षीही ही प्रार्थना घ्यायची असं आम्ही ठरवलं आहे. तिघांचंही पूर्ण एकमत आहे.”

“वा,” मी म्हणालो.

“आणि पुढच्या वर्षी सेक्रेटरी तुम्ही नसावं, यावरही.”

मी ताईकडे पाहिलं, योसेफकडे पाहिलं. “मले क्षमा नाई का?” मी विचारलं.

“त्या ओळीवरी आपण पोचलो कुठं?” ताई म्हणाली.

“तर हे ठरलं,” पाळकसाहेब म्हणाले. “आमेन.”

“आमेन,” फादर म्हणाले. “आमेन,” ब्रदर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिघांचं आमेन एकाच जागी पडलं.

बाहेर ढोल कडाडला. घोडं दारात आल्याची चाल. मी दाराशी धावलो तर गुलाबभाऊ पान खाऊन ताजेतवाने, छाती काढून उभे.

“आता बराबर तीन आले भाऊ,” ते म्हणाले. “मी मोजले.”

पदावरून काढल्यावर ज्याच्यासाठी बँड लागला, असा सौंसर तालुक्यातला मी एकटाच सेक्रेटरी आहे.